मोटारवाहनाचे बाह्य दिवे

मोटारवाहनाचे बाह्य दिवे म्हणजे वाहनाच्या पुढील, मागील व बाजूच्या भागांवर बसवलेले दिवे आणि दिशादर्शक यांची एकत्रित व्यवस्था होय. या दिव्यांची कार्ये दोन आहेत: चालकाला रस्ता दाखवणे, आणि वाहनाचे अस्तित्व, आकार, थांबणे व वळण्याचा हेतू इतरांना कळवणे. मुख्य दिव्यांसारखे काही दिवे वगळता बहुतेक दिवे दुसऱ्या कार्यासाठीच असतात. ते वाहनातील व्यक्तींपेक्षा रस्त्यावरील इतरांच्या उपयोगाचे असल्याने त्यांचा अर्थ सर्वांनी सारखाच लावणे आवश्यक ठरते.

इतिहास

सुरुवातीच्या मोटारगाड्यांवर तेलाचे किंवा ॲसिटिलीन वायूचे दिवे वापरले जात. १९१२ साली कॅडिलॅक या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांमध्ये विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र उपलब्ध झाले. १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तंतू असलेले दिवे आले आणि प्रकाशझोत वर-खाली करणे सोपे झाले. वळण्याची सूचना चालक दीर्घकाळ हातानेच देत असत. युरोपातील अनेक गाड्यांना बाजूने बाहेर येणारा छोटा प्रकाशित दांडा असे. त्यास ट्रॅफिकेटर म्हणत. १९३९ साली ब्युइक कंपनीने आपल्या गाड्यांना उघडझाप करणारे दिशादर्शक बसवले. पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली.

मुख्य दिवे

मुख्य दिव्यांचा झोत दोन प्रकारचा असतो. सरळ दूरवर जाणाऱ्या झोतास अप्पर, तर खाली झुकलेल्या झोतास डिप्पर म्हणतात. भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने डिप्परचा प्रकाश डाव्या कडेला अधिक दूर पोहोचतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूस कमी पडतो. उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांत ही रचना उलट असते.

अप्परचा उपयोग अंधाऱ्या व मोकळ्या रस्त्यापुरता मर्यादित आहे. समोरून वाहन येत असताना किंवा दुसऱ्या वाहनाच्या मागून जाताना डिप्पर वापरणे अपेक्षित असते. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडल्यास दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे तीन सेकंद नीट न दिसल्यास तेवढ्या वेळात ते साठ मीटरहून अधिक पुढे गेलेले असते. कडेने चालणारा पादचारी किंवा मागे दिवा नसलेली बैलगाडी याच अंतरात असू शकते. भारतीय मालमोटारींच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही सूचना रंगवण्याची प्रथा आहे.

धुक्यात अप्पर निरुपयोगी ठरतो. धुक्यातील जलकणांवरून प्रकाश परत फिरून चालकाच्याच डोळ्यांवर येतो व समोर पांढरा पडदा निर्माण होतो. अशा वेळी डिप्पर आणि खालच्या बाजूस बसवलेले धुक्याचे दिवे उपयोगी पडतात.

दिशादर्शक

दिशादर्शकाचा प्रकाश पिवळसर नारिंगी असून त्याची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा होते. अनेक वाहनांत एक बल्ब निकामी झाल्यास त्या बाजूची उघडझाप जलद होते व चालकास बिघाड कळतो.

वळण, मार्गिका बदलणे, ओलांडणे आणि कडेला थांबणे या सर्व कृतींपूर्वी दिशादर्शक सुरू केला जातो. चाक वळवतानाच दिलेली सूचना मागील चालकास वेग कमी करण्याइतका अवधी देत नाही. म्हणून आधी आरसा पाहणे, मग सूचना देणे आणि त्यानंतर वळणे असा क्रम शिकवला जातो. सूचना दिल्यामुळे वळण्याचा अग्रहक्क मिळत नाही. मार्ग मोकळा असल्याची खात्री चालकानेच करायची असते. मार्गिका बदलताना चाक थोडेच फिरत असल्याने दिशादर्शक बऱ्याचदा आपोआप बंद होत नाही. तो तसाच सुरू राहिल्यास इतरांची दिशाभूल होते.

भारतातील महामार्गांवर पुढील मालमोटारीचा चालक मागील वाहनास ‘पुढे जा’ असे सांगण्यासाठी उजवा दिशादर्शक लावतो. मात्र उजवीकडे वळण्याची सूचनाही हीच आहे. एकाच खुणेचे दोन परस्परविरोधी अर्थ होत असल्याने हा संकेत धोकादायक ठरतो.

धोक्याची सूचना देणारे दिवे

चारही दिशादर्शक एकाच वेळी उघडझाप करू लागल्यास वाहन बंद पडले आहे किंवा अडथळा बनून उभे आहे असा अर्थ होतो. पावसात, बोगद्यात किंवा घाटात चालत्या वाहनावर हे दिवे लावण्याची सवय मोठ्या प्रमाणावर आढळते. चौकातून सरळ जाण्याची खूण म्हणूनही काही चालक ते वापरतात. त्यामुळे दोन अडचणी उद्भवतात. एक म्हणजे वाहन उभे आहे की चालते, हे मागील चालकास कळत नाही. दुसरी म्हणजे हे दिवे सुरू असताना वळण्याची स्वतंत्र सूचना सहसा देता येत नाही. एका बाजूचा दिवा दुसऱ्या वाहनामुळे झाकला गेला असल्यास सरळ जाणारे वाहन वळत असल्याचा भासही होतो. पावसात दिसण्यासाठी डिप्पर व मागील लाल दिवे पुरेसे असतात. सरळ जाण्यासाठी कोणतीही सूचना लागत नाही.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी दिवे लावणे बंधनकारक आहे. मुख्य दिव्यांच्या प्रकाशात १५५ मीटर अंतरावरील व्यक्ती व वाहने स्पष्ट दिसावीत, अशी तरतूद या नियमांत आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा मुख्य दिवा इंजिन सुरू असताना आपोआप प्रज्वलित राहतो. ही पद्धत नवी असताना रस्त्यावरील लोक दिवा चुकून सुरू राहिला असे समजून दुचाकीस्वारांना हाताने खुणावत असत. दिवसा लागणाऱ्या या दिव्याचा हेतू रस्ता दाखवणे हा नसून, लहान आकाराची दुचाकी इतरांच्या वेळीच नजरेस पडावी हा आहे.