पॅलेस थिएटर आणि खासबाग : पाठीला पाठ लावलेले दोन रंगमंच

१९५६ साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली, पण आम्हा निपाणीकरांचं नाटक बघायला कोल्हापूरला जाणं काही थांबलं नाही. तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुनं पॅलेस थिएटर, आम्ही आमचंच मानतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं. त्या धर्तीवर खासबागेचं गोल कुस्ती मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. बांधणीतली खरी गंमत मागच्या बाजूला आहे. नाट्यगृहाच्या रंगमंचाला पाठ लावून मैदानाकडे तोंड केलेला दुसरा, खुला रंगमंच केला होता. आत संगीत नाटक, बाहेर कुस्ती किंवा मोठा जलसा. तालमीतला गडी आणि नाटकवेडा एकाच आवारात यायचे.

केशवराव मूळ कोल्हापूरचे, पण त्यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ साली हुबळीत निघाली. नाटक मंडळ्यांना आजची हद्द ठाऊकच नव्हती.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह आगीत जळालं. दगडी दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. पुन्हा बांधताना खुर्च्या, दिवे, ध्वनियंत्रणा नवी येणारच. माझं म्हणणं एवढंच, की तो खुला रंगमंच वगळू नये. तो गेला तर मैदान आणि नाट्यगृह नुसते शेजारी उरतील. महाराजांनी घातलेली सांगड सुटेल.