स्की टपावर की पाठीवर?

आज आपण जरा थंडीच्या मुलुखात जाऊ. नॉर्वे देशातील ऑस्लो शहर. फेब्रुवारीतील शनिवारची सकाळ. तापमान उणे १० अंश सेल्सिअस. समजा, चौघांचे एक कुटुंब आपल्या विजेच्या मोटारीने सुमारे २२० किलोमीटरवरच्या हेमसेदाल या डोंगरातल्या गावी निघाले आहे. तेथील बर्फाच्या उतारांवर त्यांना स्की खेळायचे आहे. स्की म्हणजे पायांखाली बांधायच्या लांब, अरुंद, गुळगुळीत पट्ट्या. हा शब्द मूळचा तिकडचाच, जुन्या नॉर्स भाषेतला. अर्थ 'फाडलेले लाकूड'. नॉर्वेतील लोक त्याचा उच्चार 'शी' असा करतात. हसू नका!

माणसे मोटारीत बसली. बूट आणि पिशव्या डिकीत गेल्या. चार जोड स्की उरल्या. त्या टपावर बांधायच्या की मोटारीच्या पाठीमागे? ट्रेलर जोडण्यासाठी मोटारीच्या मागे एक पोलादी गोळा बसवलेला असतो. त्याला पकडणारा रॅक मिळतो आणि त्यावर सामान ठेवता येते.

यात एवढा विचार कसला, असे तुम्हांला वाटेल. आपल्याकडे एस.टी.च्या टपावर पाट्या, वळकट्या, सायकलीसुद्धा जात असत, कोणी गणित मांडले नाही. पण विजेच्या मोटारीचे गणित वेगळे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. (युनिट म्हणजे तुमच्या घरच्या वीजबिलातलेच, १ किलोवॅट-तास.) ५० लिटरच्या टाकीत ४५० युनिट झाले. त्यांतील बराचसा भाग उष्णता होऊन वाया जातो, तरी साठा मोठा असल्याने चालते. विजेच्या मोटारीतील बॅटरी ६० ते ८० युनिटांची. तिची मोटर मात्र काटकसरी. मिळालेल्या विजेचा फार मोठा भाग ती चाकांपर्यंत पोचवते. उधळपट्टी मुळातच कमी असल्याने बाहेरून आलेला जास्तीचा विरोध लगेच हिशेबात दिसतो. त्यातून थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात, आणि इंजिनाची फुकट उष्णता नसल्याने आतली ऊबही बॅटरीतूनच घ्यावी लागते. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ विजेच्या होत्या, तेव्हा हा प्रश्न तेथे घरोघरचा आहे.

आता सांगा, स्कींमुळे जास्त ऊर्जा खर्च होईल ती कशामुळे? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले एका सुरात 'वजनामुळे' म्हणतात. पाहू या. चार जोड्यांचे वजन २४ किलो आणि रॅकचे २० किलो धरू; एकूण ४४ किलो. सपाट रस्त्यावर चाके फिरताना होणारा रोध वजनाच्या सुमारे शंभरावा हिस्सा असतो, म्हणजे येथे फक्त ४.३ न्यूटन. २२० किलोमीटरला त्याचे पाव युनिट होते. हेमसेदाल समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडे उंच आहे. ४४ किलो ६०० मीटर वर चढवायला २ लाख ६० हजार ज्यूल लागतात. ऐकायला मोठे वाटते, पण एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल! म्हणजे चढाचा खर्च ०.०७ युनिट. परतीच्या उतारावर मोटर जनित्रासारखी चालून त्यातलेही थोडे परत देते. वजनाचा सगळा खर्च मिळून एक तृतीयांश युनिट.

आता हवा. हवेचा रोध तीन गोष्टींवर ठरतो : हवेची घनता, मोटारीचा आकार आणि वेगाचा वर्ग. आधुनिक मोटारीचे समोरचे क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार ०.६ चौरस मीटर धरू. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. मुंबईत ३० अंशांना एक घनमीटर हवा सुमारे १.१६ किलोची, उणे १० अंशांना ती १.३४ किलोची होते. थंड हवा अक्षरशः दाट असते! निम्मे गुणिले १.३४ गुणिले ०.६ गुणिले २५ चा वर्ग. उत्तर सुमारे २५० न्यूटन.

टपावर आडव्या दांड्या आणि त्यांवर स्की आल्या की हा रोध वाढतो. किती, ते बांधणीवर अवलंबून. आपण पाचवा हिस्सा, म्हणजे ५० न्यूटन धरू. २२० किलोमीटरला तीन युनिटांहून थोडे अधिक. वजनाच्या जवळजवळ दहापट! मोटर आणि बॅटरीतील घट धरली तर साडेतीन युनिट. हिवाळ्यात १०० किलोमीटरला २० युनिट लागत असतील तर सुमारे १७ किलोमीटरचा पल्ला केवळ टपावरच्या वाऱ्याने खाल्ला. रात्री, डोंगरात, पुढचे चार्जिंग केंद्र १५ किलोमीटरवर असताना हा आकडा लहान राहत नाही.

मग त्याच स्की पाठीमागे ठेवल्याने काय होते? घरी एक प्रयोग करा, मोठे माणूस जवळ असू द्या. मेणबत्ती लावा. तिच्यापुढे पाचसहा सेंटिमीटरवर एक पोस्टकार्ड उभे धरा आणि समोरून कार्डावर सरळ फुंका. ज्योत पलीकडे झुकेल असे वाटते ना? ती उलट कार्डाकडे, तुमच्याकडे झुकते! कार्डाच्या कडांवरून सुटलेली हवा पाठीमागे भोवरे करते आणि तेथे दाब कमी होतो. आता कार्डाऐवजी गोल बाटली ठेवून फुंका; हवा बाटलीच्या अंगाला बिलगून मागे येते आणि ज्योत दूर झुकते किंवा विझतेच.

मोटारीची पाठ बरीचशी पोस्टकार्डासारखी असते. तिच्यामागची हवा मोटारीबरोबर ओढली जात असते, म्हणून तेथल्या वस्तूला समोरचा वारा फारसा लागत नाही. पण वस्तू त्या आडोशात मावली पाहिजे. १७० सेंटिमीटरच्या स्की आडव्या ठेवल्या तर १८५ सेंटिमीटर रुंदीच्या मोटारीमागे लपतात. त्याच उभ्या बांधल्या तर टोके जमिनीपासून सव्वादोन मीटरवर जातात, टप दीड मीटरवरच संपलेले असते. फायद्याचा बराच भाग गेला. सपाटीवर चालण्याच्या स्की तर दोन मीटर लांब असतात. त्या आडव्याही मावत नाहीत. त्यांना मी सरळ मोटारीच्या आत, आसनांच्या मधून जागा देईन.

म्हणजे मागचा रॅक जिंकला? थांबा. वजनाला आपण मघाशी क्षुल्लक ठरवले, ते आता सूड घेते. पाण्याची बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, खांदा मात्र दुखू लागतो. रॅक हीसुद्धा तरफच आहे. मागच्या आसापासून गोळा १.१ मीटर आणि सामानाचा गुरुत्वमध्य त्याहून अर्धा मीटर मागे, म्हणजे १.६ मीटर. दोन आसांतले अंतर २.८ मीटर. मागची चाके टेकू झाली, आणि पुढच्या चाकांवरचा भार २५ किलोंनी हलका झाला; मागच्यांवर ६९ किलो आले. दोन टनांच्या मोटारीला एवढे सहज पेलते. खरी काळजी गोळ्याची. रॅक त्याला चिमट्याने पकडून असतो आणि ४४ किलो अर्ध्या मीटरवरून त्याला सतत खाली पिळत असतात : सुमारे २१६ न्यूटन-मीटर. चाक खड्ड्यात आदळले की क्षणभर हे दुप्पटही होऊ शकते. गोळ्यावर किती भार चालेल तो आकडा, पुष्कळदा ७५ किलो, मोटारीमागच्या पट्टीवर कोरलेला असतो आणि त्यात रॅकचे स्वतःचे वजनही मोजायचे असते. दहा मिनिटे चालल्यावर थांबून चिमटा हाताने हलवून पाहणारा चालक मला हुशार वाटतो. अमेरिकेत गोळ्याऐवजी पुष्कळदा चौकोनी नळी वापरतात. चौकोनात चौकोन फिरत नाही, तेवढी एक चिंता कमी.

आणखी एक गंमत. कार्डाकडे झुकलेली ती ज्योत आठवते? तशीच मागची हवा रस्त्यावरचे सारे काही मोटारीच्या पाठीवर आणून टाकते. कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एस.टी.ची मागची काच धुळीने भरलेली तुम्ही पाहिली असेल. नॉर्वेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तेथे धुळीऐवजी खारट चिखल उडतो. तो स्कींच्या पोलादी कडांना गंजवतो आणि बूट अडकवण्याच्या खटक्यांत शिरतो, म्हणून मागे ठेवलेल्या स्की पिशवीत गुंडाळाव्या लागतात. मोटारीचे मागचे दिवे रॅकने झाकले जातात, म्हणून रॅकला स्वतःचे दिवे असतात; तेही याच चिखलाने माखतात. तेव्हा हेमसेदालच्या वाटेवर गाडी चार्ज होईतो एकाने फडके घेऊन खाली उतरायचे आणि ते पुसायचे.