मोडेम मुका का राहायचा?



हल्ली उसाची नोंद, वजन आणि बिल मोबाईलवर बघायची अनेकांना सवय झाली आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इंटरनेट घरी यायचे ते टेलिफोनच्या तारेवरून. भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. साखर कारखानदारीचाही या गोष्टीशी संबंध आला. १९९८ साली वारणा खोऱ्यात गावोगावी संगणक केंद्रे उभारण्याची योजना निघाली. ऊस उत्पादकाला आपली माहिती गावातच मिळावी, हा तिचा हेतू होता.

त्या काळात टेलिफोनवरून इंटरनेट जोडताना काही संगणकांचे काम लगेच व्हायचे, तर काही महिनोन् महिने अडून बसायचे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते आजही आपल्या शेतात येऊन पोहोचले आहे.

मोडेम म्हणजे काय?

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. संगणकाची भाषा एक आणि शून्य यांची. ही भाषा आवाजात बदलून तारेवर सोडायची आणि पलीकडून आलेल्या आवाजाची पुन्हा संगणकाची भाषा करायची, हे मोडेमचे काम. जोडणी होताना जो कर्कश आवाज यायचा, ती दोन मोडेमची आपसातली बोलाचाली होती. १९९८ च्या मानकाप्रमाणे सेकंदाला ५६ हजार बिट हा वरचा वेग. म्हणजे सगळे सुरळीत असले तरी एक मेगाबाईट उतरायला अडीच मिनिटे लागत. खेड्यातल्या लांब, ओल धरलेल्या तारेवर तेवढाही वेग मिळत नसे.

फुकट प्रणाली, पण मोडेम गप्प

संगणक चालवायला एक मूळ प्रणाली लागते. विंडोज विकत घ्यावी लागते. लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचे काम जाहीर केले आणि १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. कुणीही वापरावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी आणि दुसऱ्याला द्यावी, असा तिचा परवाना आहे. सहकारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही रीत परकी वाटू नये.

अडचण यायची ती मोडेमपाशी. मोडेम दोन जातींचे होते. पहिल्या जातीच्या मोडेममध्ये सगळे काम करणारी चिप आतच असे. हा बहुधा संगणकाच्या बाहेर ठेवायचा डबा असायचा. त्याला ठरलेल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या आज्ञा दिल्या की तो नंबर फिरवायचा. प्रणाली कोणतीही असो. दुसऱ्या जातीत मोडेम स्वस्त करण्यासाठी चिपचे बरेचसे काम काढून विंडोजवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमवर टाकलेले होते. म्हणून त्याला ‘विनमोडेम’ नाव पडले. तो प्रोग्रॅम नसला तर हातात राहायचा तो निव्वळ पत्रा. आणि आतली रचना कंपन्या बहुधा सांगत नसत.

स्वयंसेवकांनी खटपट करून काही मोडेम चालते केले. काही कंपन्यांनी लिनक्ससाठी प्रोग्रॅम दिले, पण त्यांचा गाभा कुलूपबंदच ठेवला. एका जातीच्या मोडेमसाठी तर फुकटचा प्रोग्रॅम १४.४ हजार बिटांवरच अडायचा; पूर्ण वेग हवा असेल तर वेगळे पैसे भरायचे. मोडेम आपला, टेलिफोनचे बिल आपण भरायचे, आणि वेग मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर!

जोडणी कशी व्हायची?

चांगला मोडेम असला की पुढचे काम सोपे. ‘डब्ल्यूव्हीडायल’ नावाचा प्रोग्रॅम मोडेम शोधून काढायचा. त्याच्या फाईलमध्ये टेलिफोन नंबर, खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द भरायचा. पुढे ‘पीपीपी’ हा प्रोग्रॅम इंटरनेटशी बोलणी करायचा. बिघाड ठरावीकच असत :

१. ‘डायल टोन नाही’ असे उत्तर आले, तर बऱ्याचदा मोडेमला आपल्याकडील टोन ओळखता आलेला नसे. ‘एक्स ३’ ही आज्ञा दिली की टोनची वाट न बघता तो नंबर लावायचा.

२. जुन्या एक्स्चेंजला टोनने नंबर लागत नसे. तिथे ‘टी’ च्या जागी ‘पी’ लिहून पल्स पद्धतीने लावावा लागे.

३. जोडणी झाली पण पान उघडत नाही, तर नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची नोंद तपासायची. शिवाय जुनी वाट दुसऱ्याच तारेकडे दाखवलेली नाही ना, हेही बघायचे.

हे सारे बिघाड घरबसल्या काढता येत, कारण प्रत्येक फाईल उघडून वाचता येत होती. विनमोडेमचा बिघाड मात्र कंपनीशिवाय सुटत नसे.

यातून घ्यावयाचा बोध

टेलिफोनवरील इंटरनेटचा जमाना सरला. अमेरिकेतल्या एओएल कंपनीनेही ३० सप्टेंबर २०२५ रोजी ही सेवा बंद केली. पण विनमोडेमची जात संपलेली नाही. ठिबकचे स्वयंचलित नियंत्रक, जमिनीतली ओल मोजणारी यंत्रे, शेतातली हवामान केंद्रे आता बांधावर येत आहेत. गावचा फिटर जे इंजिन खोलू शकतो, ते तीस वर्षे चालते. ज्याची किल्ली फक्त कंपनीकडे, ते कंपनीच्या इच्छेपुरतेच चालते.

म्हणून असे यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न जरूर विचारावेत. कंपनी बंद पडली तर यंत्र चालेल काय? दुसरा कोणी ते दुरुस्त करू शकेल काय? आपल्या शेताची माहिती आपल्याला काढून घेता येईल काय? आणि दरवर्षी पुन्हा पैसे भरावे लागतील काय? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. स्वस्त यंत्रातून काय काढून घेतले आहे, ते आधी विचारणे हेच शहाणपणाचे.