आठवड्याची सुई आणि पोटावरचा चट्टा

वजन उतरविण्यासाठी आपली सुई आपणच टोचून घ्यायची, हे माझ्या आजीला सांगितले असते तर तिने आधी माझी दृष्ट काढली असती! पण मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात विक्रीस आले आणि पुष्कळ घरांच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी औषधाची कुपी नाहीतर पेन येऊन बसले. डॉक्टरांच्या सल्ल्याने मीही आठवड्यातून एकदा अशी सुई घेते.

तिसऱ्या सुईच्या दुसऱ्या दिवशी पोटावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. खाजही सुटली. ही सुई आता बंदच करावी, असे मनात आले. डॉक्टरांनी चट्टा पाहिला नि म्हणाले, "ताई, टोचल्या जागेपुरता असा चट्टा बहुधा काही दिवसांत ओसरतो. खाजवू मात्र नका."

मग त्यांनी पद्धत समजावली. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे, पण अर्धा तास आधी बाहेर काढायचे; गार औषध अधिक झोंबते. स्पिरिट लावले तर ते पुरते वाळू द्यायचे. दर वेळी नवी सुई, आणि जागाही नवी: कधी पोट (बेंबीपासून दोन इंच दूर), कधी मांडी. टोचल्यावर चोळायचे नाही. खाज सुटली, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरायचा. गोळी हवीच वाटली, तर डॉक्टरांना विचारून.

चट्टा पसरत गेला, तापला, पू झाला किंवा ताप आला, तर मात्र दवाखाना गाठावा. आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ ला फोन! पुढची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

म्हणूनच एक सांगावेसे वाटते. "तोंडावर ताबा नाही, म्हणून सुई!" हा टोमणा नको, म्हणून कितीतरी जणी हे औषध चोरून घेतात. पण रात्री-अपरात्री श्वास कोंडला, तर डॉक्टरांना काय सांगायचे, हे घरात कुणाला ठाऊक असणार? किती किलो उतरले, ते शेजारणीला हवे तर सांगू नका. पण सुई कोणती नि कधी घेता, एवढे घरातल्या एकाच्या तरी कानावर घालाच.