नाताळचा आनंद अस्सल मराठी आहे

हिंगोलीसारख्या, ख्रिस्ती वस्ती अगदी विरळ असलेल्या जिल्ह्यात नाताळ हा परक्यांचा सण वाटणं समजण्यासारखं आहे. पण आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांचा आनंद उसना नाही. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूजन्माची कथा ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओव्यांतून सांगितली. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती घडवली. त्यांची पदं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ज्या हिंगोलीच्या भूमीतलं नर्सी हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं, तिथं टाळ-मृदंगावर देवाची स्तुती करणं कुणाला परकं वाटेल?

कुणी म्हणेल, झाड, केक, सांताक्लॉज हे सगळं पाश्चात्त्यच ना? खरंय, सजवलेलं झाड जर्मनीतून जगभर गेलं. पण ती सजावट आहे, सणाचा गाभा नव्हे. 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही, हा आक्षेपही बरोबर आहे. रोममध्ये ती चौथ्या शतकात नोंदलेली दिसते. मात्र आमचा आनंद तारखेवर टेकलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला गव्हाणीत निजवलं जातं आणि त्याची वार्ता सर्वांत आधी मेंढपाळांना मिळते. देव गरिबाच्या दारी माणूस होऊन आला, ही ती वार्ता. शेती आणि गुराढोरांवर जगणाऱ्या आपल्या मराठवाड्याला ती समजावून सांगावी लागत नाही. म्हणून नाताळ मनापासून, आपल्या भाषेत साजरा करा आणि शेजाऱ्यांनाही फराळाला बोलवा.