दूध घटण्याआधी

कोल्हापूर भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना पहाटे येणारा फोन बहुतेक वेळा दुधापासून सुरू होतो. “डॉक्टर, रातच्याला दोन लिटरनं दूध खाली आलंय बगा.” डॉक्टर विचारतात, “रवंथ करती काय?” पलीकडं कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. “शेण कसं टाकलंय?” पुन्हा हाकाहाक. शेवटी “तुम्हीच येऊन बगा की” यावर गाडी येते आणि डॉक्टर मोटारसायकलला पेटी लावतात.

गळिताच्या हंगामात अशा एका डॉक्टरांच्या मागं बसून मी राधानगरी रस्त्यानं, भोगावतीच्या काठाकाठानं फिरलो. दिवस उजाडायच्या आत गावोगावच्या दूध संस्थेपुढं किटल्या घेऊन माणसं उभी होती. फॅट, एसएनएफ, लिटर असे आकडे असलेली चिठ्ठी हातात पडली की ती जागच्या जागी वाचली जात होती. या भागात उसाचं बिल हंगामाला येतं. तेल-मीठ, शाळेची फी आणि औषधपाणी चालतं ते दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर. १९६३ साली जिल्हा दूध संघ उभा राहिला आणि ‘गोकुळ’ या नावानं घरोघरी पोचला. वारणाकाठी वारणेचा संघ वाढला. दोन म्हशी आणि एक गाय एवढ्या दावणीवर पोरांची शिक्षणं झाली. साहजिकच घरातल्या सगळ्यांची नजर किटलीवर असते. पण किटलीत फरक दिसेपर्यंत आजार बऱ्याचदा एक-दोन पायऱ्या पुढं गेलेला असतो. डॉक्टरांचा निम्मा खटाटोप ही नजर किटलीवरनं गव्हाणीकडं वळवण्याचा असतो.

पहिल्या गोठ्यात एक संकरित गाय मान खाली घालून उभी होती. डॉक्टरांनी तिला लगेच हात लावला नाही. आधी गव्हाण बघितली. वैरण तशीच पडलेली. मग शेण बघितलं. थोडं आणि घट्ट. नाकपुडी कोरडी. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, त्यामुळं निवांत बसूनही तोंड न हलवणारी गाय दिसली की तिथंच शंका घ्यायची. नंतर त्यांनी डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडं बघत उभे राहिले. पोटाची हालचाल दोन मिनिटांत दोन-तीनदा मुठीला जाणवावी लागते. इथं एकदाच, तीही दमलेली. शेवटी थर्मामीटर. गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. इथं पारा १०५ वर.

खांद्यापुढची गाठ फुगून हाताला लागत होती. खालची पापणी ओढली तर आतला भाग फिकट. कासेच्या मागं आणि कानाच्या मुळाशी गोचीडं. “गोचीड ताप दिसतोय,” म्हणत डॉक्टरांनी कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला. थायलेरिया हा रक्तातला जंतू गोचिडाच्या चाव्यातून जातो आणि देशी जनावरांपेक्षा संकरित गाईंना जास्त लोळवतो. “लघवी लाल हाय काय?” हा प्रश्नही त्यासाठीच, तशी असेल तर बबेसिया हा दुसरा जंतू धरायचा, आणि त्याचं औषधही दुसरं.

“गोचीडं तर मी रोज काढतो की,” घरातल्या मावशी म्हणाल्या.

“काढून कुठं टाकता, मावशी?”

“हितंच, बाहीर.”

रक्त पिऊन टम्म झालेली एक मादी जमिनीवर पडली की भिंतीच्या भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. म्हणून औषध गाईच्या अंगाला लावून भागत नाही; भेगा लिंपाव्या लागतात, गोठ्याचे कोपरे फवारावे लागतात, आणि काढलेलं गोचीड जाळावं लागतं. मावशींनी देवळीतनं मागच्या खेपेची उरलेली बाटली आणली. ताप उतरायचं औषध होतं. “हे मारलं की उतारा पडतोय,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांचा सगळ्यात मोठा वैरी तोच उतारा. ताप उतरतो, गाय दोन घास खाते, संध्याकाळी किटली थोडी भरते आणि घर निर्धास्त होतं. रक्तातला जंतू मात्र आपलं काम चालू ठेवतो.

पुढच्या गावाला निघायच्या आत दुसरा फोन आला. काल व्यायलेली गाय उठत नव्हती. पोचलो तेव्हा ती बसलेली होती, मान कुशीकडं वळवून. कान गार, नाक कोरडं, डोळ्यांत ओळख नाही. आजाराचं नाव दुग्धज्वर, पण अंगात ज्वर नसतो. उलट तापमान उतरलेलं असतं. एक लिटर दुधातून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जातं आणि चिकातून त्याहून बरंच जास्त. हाडांतलं कॅल्शियम तितक्या वेगानं रक्तात उतरलं नाही की स्नायू काम सोडतात. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, दुधाला चांगल्या गाईंवर ही पाळी जास्त येते.

डॉक्टरांनी मानेतली शीर धरून कॅल्शियमचं सलाइन लावलं. बाटली एकानं उंच धरली, डॉक्टर मात्र गाईच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावून खाली बसले. कॅल्शियम घाईनं गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ठोके चुकू लागले की बाटली खाली घ्यायची, सुरळीत झाले की वर. अर्ध्या बाटलीनंतर मांडीच्या स्नायूंत थरथर आली. मग ढेकर. मग शेण. भोवतीच्या माणसांचे चेहरे खुलले ते त्या शेणामुळं. थोड्या वेळानं गाय पुढचे गुडघे टेकत, पुन्हा बसत, अखेर उभी राहिली.

“व्यायच्या आधी म्हयनाभर कॅल्शियम पाजलंय, तरी असं कसं?” घरच्या आण्णांनी विचारलं. चूक तिथंच होती. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं, तर हाडांतून ते काढायची शरीराची सवय सुटते आणि ऐन गरजेच्या दिवशी यंत्रणा जागी होत नाही. कॅल्शियम लागतं ते व्याल्यानंतर. त्यात या दिवसांत गव्हाणीत पडतात ती उसाची वाढी. तोडणी चालू असेपर्यंत वाढी स्वस्त आणि हिरवीगार, पण त्यांत ऑक्झलेट असतं आणि ते खाण्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. वाढी बंद करा, असं डॉक्टर सांगत नाहीत. सांगून कोण ऐकणार? निम्मी वाढी, निम्मा मका किंवा मुरघास, वर चुन्याची निवळी शिंपडायची आणि दुभत्या जनावराला रोज खनिज मिश्रण, एवढं ते सांगतात.

दुपारी एका कट्ट्यावर चहा झाला आणि डॉक्टर आलेत म्हटल्यावर प्रश्न जमा झाले. म्हैस सारखी उलटतेय, हा पहिला. म्हशीचा माज मुका असतो. गाईसारखी ती हंबरत नाही, दुसऱ्या जनावरावर चढत नाही. पहाटे आणि रात्री मागं जाऊन बघायचं: स्वच्छ, काचेसारखी सोट दिसते का, घडीघडीला लघवी करते का, धार काढताना पान्हा चोरते का. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तारीख भिंतीवर लिहायची आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लक्ष ठेवायचं.

दुसरा प्रश्न लसीचा. “लाळ-खुरकताची लस टोचली की दूध कमी येतंय, म्हणून औंदा नको म्हटलं.” दूध कमी येतं हे खरं आहे, पण दोन-तीन दिवस. लाळ-खुरकत झालेलं जनावर बरं झालं तरी त्या वेतात पुन्हा पहिल्यासारखं दूध देईल याची खात्री नसते. कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्यांनी बुळकांडीची आठवण काढली. दावणीच्या दावणी रिकाम्या करणारा तो रोग लसीनंच संपला आणि २०११ साली जग त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसांतल्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला तो दुसराच आजार. २०२२ मध्ये लम्पी महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. विषाणू एकाच घराण्यातले असल्यानं ती गाईंना टोचली गेली. तेव्हा कुणी दुधाचा हिशेब काढला नाही, कारण शेजारच्या गावात गाई मरत होत्या. रोग लांब असताना मात्र प्रत्येक लस दोन लिटरनं मोजली जाते.

शेवटचा गोठा दगडीचा, म्हणजे कासदाहाचा. म्हशीच्या मागच्या डाव्या सडाचा भाग टणक आणि गरम झालेला, धारेत गुठळ्या. डॉक्टरांनी चार खळग्यांच्या तबकडीत चारही सडांचं थोडं थोडं दूध घेतलं, त्यात जांभळट द्रावण ओतलं आणि तबकडी गोल फिरवली. डाव्या मागच्या सडाचं दूध लगेच घट्ट बुळबुळीत झालं. उजव्या पुढच्या सडाचं दूध दिसायला चांगलं होतं, तरीही दाटलं. म्हणजे तिथं सुरुवात झालेली होती आणि ते दूध सकाळी संस्थेत पोचलंही होतं.

घरातल्या आक्कांना डॉक्टरांनी धार काढून दाखवायला सांगितलं. त्यांचा अंगठा सडावर दुमडला जात होता. त्यानं सडाला आतून इजा होते, पूर्ण मूठ वापरायची. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, म्हणून लगेच वैरण टाकायची, म्हणजे म्हैस शेणात बसत नाही. आणि पहिली धार जमिनीवर न सोडता काळ्या वाटीत घ्यायची, म्हणजे गुठळी आदल्या दिवशीच दिसते.

सडात औषध सोडून झालं. मग आक्कांनी विचारलं, “आता सांजचं दूध घालू काय संस्थेत?”

“नको. शेवटच्या ट्यूबनंतर खोक्यावर लिहिलेत तेवढे दिवस नाही.”

“चांगल्या सडांचं बी?”

“त्यांचंही नाही. औषध रक्तातनं सगळीकडं जातं. उकळूनही जात नाही. घरात विरजण लावून बघा, दही नीट लागणार नाही.”

आक्का बोटांवर हिशेब करत होत्या. उपचाराचे दिवस, वर थांबायचे दिवस, रोजचे लिटर. दहा दिवसांच्या बिलातला जवळजवळ निम्मा भाग गेला. हे दूध संस्थेच्या मोठ्या कॅनमध्ये मिसळलं तर कुणाचं ते ओळखू येणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. शहरात शुद्ध दुधावर पुष्कळ बोललं जातं, पण दूध शुद्ध राहायचं की नाही याचा निर्णय असा एका गोठ्यात, एका बाईच्या हिशेबावर होतो. दूध न घातल्याचा तोटा तिच्या एकटीच्या पासबुकात पडतो आणि फायदा ते दूध पिणाऱ्या सगळ्यांना होतो. तो तोटा वाटून घ्यायची सोय नसेल, तर तिच्या प्रामाणिकपणावर जगण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? डॉक्टरांकडं याचं औषध नाही. म्हणून ते काळ्या वाटीबद्दल पुन्हा एकदा सांगतात, कारण आदल्या दिवशी दिसलेली गुठळी हीच आक्कांना परवडणारी एकमेव गोष्ट आहे.