मोडीत घालण्याआधी

आपल्या राहात्याच्या जुन्या घरांत माळ्यावर तांब्याचं एखादं भांडं हमखास सापडतं. घंगाळ, हंडा, नाहीतर अंघोळीच्या पाण्याचा बंब. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली येतं आणि कोणीतरी म्हणतं, "आता हे कोण वापरतंय? मोडीत देऊन टाका." माझ्या आजीचं घंगाळ असंच गेलं. त्याच्या काठावर तिचं नाव घातलेलं होतं. घरात तिचं नाव कोरलेली तेवढी एकच वस्तू होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं. म्हणून आज सांगते, असं भांडं देण्याआधी ते पाहायचं कसं.

भांडं उजेडात तिरपं धरा. अंगावर ओळीनं गोल गोल ठोके चमकताना दिसले, तर ते मठारकाम. यासाठी पुण्याची कसबा पेठेतली तांबट आळी प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली तांबट मंडळी तिथं वसली.

तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होतो. आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून तांबट तो लाल होईपर्यंत तापवतो, त्यानं तांबं पुन्हा मऊ पडतं. मग परत ठोकायचं. असं करत करत भांड्याला घाट येतो. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक सारखे ठोके देतात, तेच मठारणं. त्यानं शोभा येते आणि पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. हात जरा चुकला की ओळ बिघडलेली दिसते.

मोडीचा भाव मात्र नुसत्या वजनावर ठरतो. या ठोक्यांचे पैसे कोणी देत नाही.

स्टील आलं, गिझर आले, आणि बंब-घंगाळांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा तांबटांनी तेच मठारकाम दिवे, ताटल्या, फुलदाण्यांवर आणलं. पुण्यात 'इंटॅक' या वारसा जपणाऱ्या संस्थेनंही त्यांच्याबरोबर नव्या वस्तूंचे नमुने तयार केले.

तांब्याच्या फुलदाणीचं मोल परदेशातही आहे. इटलीतल्या पादुआ शहरात पाओलो दे पोली (१९०५–१९९६) हे कलावंत होऊन गेले. तांब्याच्या फुलदाण्यांवर आणि वाडग्यांवर काचेच्या रंगीत पुडीचा थर देऊन ते भट्टीत भाजत, म्हणजे आपण ज्याला मिनाकाम म्हणतो ते. त्यांच्या वस्तू लोक त्यांच्या नावानं जपतात. आपल्या घंगाळावर तांबटाचं नाव नसतं, पण त्याचा हात दिसतो.

आता कामाचं. तांब्याचं भांडं चिंच-मीठ लावून हलक्या हातानं घासा आणि लगेच कोरडं पुसा. तारेची घासणी नको, मठारावर ओरखडे पडतात. चिंचेनं तांबं उजळतं, कारण आंबट पदार्थ वरचा काळा थर विरघळवतो. त्याच कारणानं कल्हई नसलेल्या तांब्यात ताक, आमटी, लोणचं ठेवलं की ते कळकतं. पोटात गेलं तर मळमळ, उलटी होते. विकतच्या शोभेच्या फुलदाणीवर चमक टिकावी म्हणून बहुधा पारदर्शक लेप असतो. ती चिंचेनं घासू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि तिच्यात पिण्याचं पाणी भरू नका.

नवी फुलदाणी घ्यायलाच हवी असंही नाही. घंगाळात पाणी घालून झेंडू-शेवंती सोडा आणि दारात ठेवा, येणारा-जाणारा थांबून बघेल.

या दिवाळीला माळा काढाल तेव्हा भांड्याचा काठ आधी पुसा. नाव दिसलं तर सासूबाईंना विचारा, हे कोणाचं? उत्तर ऐका, आणि मग ठरवा मोडीत घालायचं की नाही.